जांघेतल्या ग्रंथी, रोबोट आणि वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांची शिश्नाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. जांघेत काही लागत नाही, तरी डॉक्टर दोन्हीकडच्या ग्रंथी काढा म्हणतात. थोडं थांबलं तर? (हडपसर)

उत्तर : थांबू नका. हा आजार पसरताना आधी जांघेतल्या लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड) जातो. मूळ गाठ खोल गेलेली किंवा आक्रमक असेल, तर हाताला काहीही न लागणाऱ्या चार-पाच रुग्णांपैकी एकाच्या ग्रंथींत कर्करोगाच्या पेशी पोचलेल्या असतात. स्कॅनमध्ये त्या दिसतीलच असं नाही. गाठ हाताला लागेपर्यंत वाट पाहिलेल्यांपेक्षा वेळेत ग्रंथी काढलेले जास्त जगतात. लसिकावाहिन्या डाव्या-उजव्या बाजूला एकमेकींत मिसळतात, म्हणून दोन्ही जांघा. बायोप्सीत आजार वरवरचा आणि सौम्य निघाला असेल, तरच नुसती नजर ठेवणं रास्त. अहवालातली स्टेज (आजार किती पसरलाय) आणि ग्रेड (पेशी किती आक्रमक आहेत) डॉक्टरांना जरूर विचारा.

प्रश्न : जांघेतल्या ग्रंथी रोबोटने काढल्या तर बरं होण्याची शक्यता वाढते का? आम्ही कर्ज काढायला तयार आहोत. (चाकण)

उत्तर : कर्ज काढण्याआधी हे वाचा. रोबोट स्वतः काही कापत नाही. शेजारच्या कन्सोलवर बसलेला सर्जनच त्याचे हात चालवतो. मांडीवर तीन-चार छोटी छिद्रं पाडून, आत वायू भरून, त्वचेखालून ग्रंथी काढतात. खरा फायदा जखमेचा. उघड्या, म्हणजे मोठा छेद घेऊन केलेल्या शस्त्रक्रियेत जांघेची त्वचा काळी पडणं, टाके उसवणं, पू होणं हा त्रास जुन्या नोंदींत निम्म्या किंवा त्याहून जास्त रुग्णांना झालेला आहे. रोबोट किंवा दुर्बिणीने तो बराच कमी होतो. आजार बरा होण्यात मात्र रोबोट उघड्या शस्त्रक्रियेच्या पुढे असल्याचा भक्कम पुरावा नाही. मोठ्या, त्वचेला चिकटलेल्या गाठींना बहुधा उघडी शस्त्रक्रियाच, अनेकदा आधी केमो देऊन. माझ्या मते यंत्रापेक्षा या आजाराचा सराव असलेला सर्जन शोधा. पुण्यात तो मिळतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

प्रश्न : ग्रंथी काढल्यानंतर पाय सुजतो म्हणतात. मी शेतकरी आहे. (इंदापूर)

उत्तर : सूज कुठल्याही पद्धतीनंतर येऊ शकते, रोबोटनंतरही. डॉक्टर सांगतील ते घट्ट मोजे घाला, झोपताना पाय उंचावर ठेवा, अनवाणी शेतात उतरू नका. पाय लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : यजमानांची पुढची कातडी मागे सरत नाही, आत जखम आहे. मेडिकलमधून मलम आणून लावतात, डॉक्टरकडे जायला लाजतात. आता जांघेत अवधाण आलंय. (सिंहगड रस्ता)

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. न सरणारी कातडी, तंबाखू आणि लैंगिक संबंधातून पसरणारा एचपीव्ही विषाणू ही शिश्नाच्या कर्करोगाची ठळक कारणं आहेत. अवधाण संसर्गानेही येतं, पण आत जखम असताना तसं गृहीत धरणं धोक्याचं. मलम बंद करा आणि याच आठवड्यात त्यांना युरोलॉजिस्टकडे न्या. पुण्यातल्या ससून या सरकारी रुग्णालयातही दाखवता येईल. जखमेचा तुकडा तपासायला सांगा. ते एकटे जायला तयार नसतील, तर तुम्ही सोबत आत बसा.