उपग्रह फोन कंपनीचे शेअर घ्यावेत का?

प्रश्न : आफ्रिका व आशियातील टॉवर नसलेल्या खेड्यांना उपग्रहावरून फोनसेवा देणाऱ्या एका परदेशी कंपनीचे शेअर घ्यावेत, असा माझ्या पुतण्याचा आग्रह आहे. ‘जिथे फोनच नाही तिथे ग्राहक तयारच आहे,’ असे तो म्हणतो. निवृत्तीच्या रकमेतील काही भाग त्यात घालावा का?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : टॉवर नसलेल्या गावाला फोनची गरज असते हे खरेच, परंतु तिथे टॉवर बहुधा याच कारणाने नसतो की तेथील लोकांच्या बिलांतून त्याचा खर्च निघत नाही. मग त्याहून महाग सेवेचे पैसे ते कोठून भरणार, हा प्रश्न पुतण्याला अवश्य विचारावा.

मोटोरोलाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या इरिडियम या उपग्रह फोन कंपनीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. मोबाइल कंपनी आधी शहरात टॉवर उभारते आणि त्या कमाईवर पुढच्या तालुक्याकडे वळते. इरिडियमचे उपग्रह मात्र सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून सतत फिरत असल्याने अखंड सेवेसाठी सगळेच्या सगळे ६६ उपग्रह आधी वर असणे भाग होते. त्यामुळे पहिले बिल निघण्यापूर्वीच सुमारे पाच अब्ज डॉलर खर्ची पडले. नोव्हेंबर १९९८मध्ये सेवा सुरू झाली तेव्हा फोनसंचाची किंमत तीन हजार डॉलरच्या घरात होती, बोलण्याचा दर मिनिटाला काही डॉलर होता आणि त्यातही फोन लावायला उघड्या आकाशाखाली यावे लागे. तोवर साधे मोबाइल स्वस्त होत चालले होते. ऑगस्ट १९९९मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

यात आपल्याकडील वित्तसंस्थांचेही पैसे होते. त्यांचे पैसे ज्यात होते त्या इरिडियम इंडिया या कंपनीने मोटोरोलाविरुद्ध फसवणुकीची फौजदारी तक्रार पुण्याच्या न्यायालयात केली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवून खटल्याचा मार्ग मोकळा केला. दिवाळखोरीनंतर अकरा वर्षांनीही वाद सुरुवातीच्याच पायरीवर होता, हे निवृत्त माणसाने विशेष ध्यानात घ्यावे.

इरिडियमची सेवा मात्र कायमची बंद पडली नाही. नव्या मालकांनी ती मालमत्ता अवघ्या अडीच कोटी डॉलरला घेतली आणि तिला तारणारे मोठे गिऱ्हाईक ठरले अमेरिकेचे संरक्षण खाते, खेडी नव्हेत! उपग्रहांवरून इंटरनेट देऊ पाहणारी वनवेब ही कंपनीही मार्च २०२०मध्ये दिवाळखोरीत गेली, त्यानंतर ब्रिटिश सरकार आणि भारती समूहाने ती घेतली. या धंद्यात पहिल्या भागधारकाने खड्डा भरायचा आणि दुसऱ्याने त्यावर घर बांधायचे, असे एकाहून अधिक वेळा घडले आहे.

म्हणून कंपनीच्या माहितीपत्रकात लोकसंख्येचे आकडे वाचत बसू नये. आज बिल कोण भरते, जहाजे, लष्कर, खाणी की खरोखर गावकरी, ते पाहावे. कर्ज किती आणि जुने उपग्रह बदलण्याची तरतूद कशी केली आहे, हेही तपासावे. प्रत्येक देशाचा परवाना स्वतंत्रपणे मिळवावा लागतो. भारतात तर परवानगीवाचून उपग्रह फोन जवळ बाळगणेही बेकायदा आहे.

निवृत्तीची रक्कम यात घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुतण्याला एवढी खात्री असेल, तर त्याने स्वतःच्या पगारातून थोडे शेअर खुशाल घ्यावेत.