सी ड्राइव्ह भरला, डी रिकामा पडलाय

प्रश्न: सर नमस्कार. खानापूर तालुक्यातल्या एका सौहार्द सहकारी सोसायटीत कॉम्प्युटरचं मीच बघतो, तसा मी अकाउंटचा माणूस. सर्व्हरवर विंडोज सर्व्हर 2016 हाय, सी 80 जीबीचा आणि डी साधारण 850 जीबीचा. सी लाल झालाय, 2 जीबी पण शिल्लक नाही, अपडेट होईना आणि काउंटरवरची एन्ट्री मधेच अडकूलालीय. डिस्क मॅनेजमेंटमधे जाऊन डी मधनं 100 जीबी श्रिंक करून (डी लहान करून) काढलं, काळी पट्टी दिसतीय, पण सी वर राइट क्लिक केलं की एक्स्टेंड व्हॉल्यूम फिकटच. डिस्क खराब झाली काय? गावातल्या एकानं सगळं फॉरमॅट करून नव्यानं टाकूया म्हटलंय.

उत्तर: फॉरमॅट अजिबात नको, आणि डिस्कही खराब नाही. आपल्याकडं शेत वाढवायचं म्हटलं तर बांधाला लागून असलेला तुकडाच घेता येतो, चार गट पलीकडची जमीन घेऊन सातबारा एक होत नाही, तसंच हे. विंडोजला सी वाढवायला त्याच्या लगेच उजवीकडं मोकळी जागा लागते. तुम्ही डी श्रिंक केला तेव्हा जागा डी च्या शेपटीकडनं सुटली, म्हणजे सी, मग डी, मग तुमची काळी पट्टी. मधे डी बसलाय म्हणून तो पर्याय फिकट.

पण जागा वाढवायच्या आधी सी खाल्ला कुणी ते बघा, कारण सर्व्हरवर विंडोज आणि सोसायटीचं सॉफ्टवेअर एवढंच असेल तर 80 जीबी सहसा एवढ्यात भरत नाहीत. कुठल्या फोल्डरनं किती जागा खाल्ली ते दाखवणारं ट्रीसाइजसारखं एखादं टूल ॲडमिन म्हणून चालवा, साध्या एक्सप्लोररला बरेच फोल्डर उघडता येत नाहीत म्हणून तिथला हिशोब जुळत नाही. माझा पहिला संशय एसक्यूएल सर्व्हरवर, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. इन्स्टॉल करताना नेक्स्ट नेक्स्ट करत गेलं की डेटाबेस सी वरच प्रोग्राम फाइल्सच्या आत बसतो आणि रोज रात्रीचा बॅकअप पण तिथल्याच बॅकअप नावाच्या फोल्डरमधे साठत जातो, जुन्या डॉट बॅक (बॅकअपच्या) फायली कुणी काढत नाही. एसक्यूएल 2022 पर्यंतची मोफत एक्सप्रेस एडिशन असेल तर एका डेटाबेसच्या डेटाला 10 जीबीची मर्यादा असते, पण बॅकअपच्या ढिगाला कसली मर्यादा. तसं निघालं तर त्या फायली डी वर आणि एक प्रत बाहेरच्या डिस्कवर न्या, बॅकअपचा पाथ बदला, बहुतेक तिथंच काम संपेल.

मग विंडोज फोल्डरमधली मेमरी डॉट डीएमपी बघा, सर्व्हर कधी निळी स्क्रीन दाखवून बंद पडला असेल तर ही फाइल कित्येक जीबीची असू शकते, कारण शोधायचं नसेल तर उडवली तरी चालते. विंडोजचे स्वतःचे भाग ठेवणारा विनएसएक्सएस फोल्डर भला मोठा दिसेल पण त्याला हातानं शिवू नका, तिथल्या बऱ्याच फायली हार्ड लिंक असतात, म्हणजे एकच फाइल दोन ठिकाणी दिसते, म्हणून आकार फुगून दिसतो. त्यासाठी विंडोजच्याच डिसम कमांडचं स्टार्ट कॉम्पोनंट क्लीनअप आहे, ते चालवून चहा पिऊन या. आणि विंडोजच्या आतलं इन्स्टॉलर फोल्डर रिकामं करा असं कुणीही सांगितलं तरी ऐकू नका, पुढं अपडेट आणि अनइन्स्टॉल दोन्ही अडतात.

एवढं करूनही सी वाढवायचाच असेल तर मला डी ची जागा रिकामी करायचा रस्ता बरा वाटतो. डी उजवीकडं सरकवणारी विकतची टूल्स मिळतात, चालतात पण, मात्र ती अख्खा डेटा एका जागेवरनं उचलून दुसऱ्या जागी लिहितात, त्याला तास न् तास लागतात, आणि पावसाळ्यात खानापूरला लाइट कधी जाईल ते तुम्हाला मी सांगायला नको. युपीएस किती वेळ टिकतो ते आधी बघा.

सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना लॉगआउट करायला लावा, एसक्यूएलची सर्व्हिस बंद करा, डी चा डेटा रोबोकॉपीनं (विंडोजची कॉपी करायची कमांड) बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि तिला कॉपीऑल हा पर्याय लावा म्हणजे फोल्डरच्या परमिशन पण येतात. दुसऱ्या मशीनवर दोन चार फायली उघडून बघा, डेटाबेसचा बॅकअप खरोखर रिस्टोअर होतो का ते पण बघा. सर्व्हरमधे दोन डिस्कचं रेड (दोन्हीवर एकच डेटा लिहिणारी जोडी) असलं तरी तो बॅकअप नव्हे, चुकीचं पार्टिशन डिलीट केलं तर दोन्हीकडनं जातं. शेअर केलेल्या फोल्डरची यादी लिहून ठेवा. मग डी डिलीट करा, आता एक्स्टेंड उजळेल, सी 200 जीबीपर्यंत न्या, उरलेल्यात पुन्हा डी करा, अक्षर डी च द्या नाहीतर सॉफ्टवेअरला पाथ सापडणार नाही, आणि डेटा परत आणा.

पुढं सर्व्हर 2022 वर गेलात तर विंडोजच्या दुरुस्तीसाठीचं रिकव्हरी पार्टिशन सी च्या मागोमाग बसलेलं सापडेल, तेही असंच आडवं येतं. 2016 चा सपोर्ट जानेवारी 2027 मधे संपतोय, तेव्हा नवीन मशीनचा विषय कमिटीपुढं आत्ताच ठेवा आणि त्यावेळी सी सुरुवातीपासनंच मोठा मागा.

प्रश्न: निपाणीत ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे, उबुंटूचा सर्व्हर भाड्यानं घेतलाय. पॅनलमधे डिस्क 40 ची 80 जीबी केली, पैसे पण कापले, पण जागा दाखवणारी डीएफ कमांड अजून 40 च दाखवतीय.

उत्तर: डिस्क वाढली, पण तिच्यातलं पार्टिशन (डिस्कचा भाग) आणि त्यातली फाइल सिस्टीम (फायली मांडायची रचना) जुन्याच मापाची आहे. आधी स्नॅपशॉट (सर्व्हरची आत्ताची प्रत) घ्या. एलएसबीएलके ही कमांड मारून डिस्कचं नाव बघा, समजा व्हीडीए आणि रूट पार्टिशन 1 नंबर, तर पार्टिशन वाढवणारी ग्रोपार्ट कमांड चालवताना व्हीडीए आणि 1 यांच्यामधे स्पेस सोडायची, बहुतेक जण इथंच अडकतात. मग फाइल सिस्टीम वाढवायची, ती ईएक्सटी4 असेल तर रिसाइज टू एफएस कमांडनं, एक्सएफएस असेल तर एक्सएफएस ग्रोएफएसनं. हे चालू सर्व्हरवरच होतं, रीबूट सहसा लागत नाही. एलव्हीएम (पार्टिशन आणि फाइल सिस्टीम यांच्यामधला आणखी एक थर) असेल तर मधे पीव्ही रिसाइज आणि एलव्ही एक्स्टेंड या दोन पायऱ्या वाढतात. एक्सएफएस नंतर लहान करता येत नाही, तेव्हा पॅनलवर आकडा वाढवताना जरा हात आखडूनच घ्या.