२६ जूनला, म्हणजे अमली पदार्थविरोधी दिनी, शाळेतून व्यसनविरोधी फेरी काढली की पुरे का?

नाही, नुसत्या फेरीतून फोटोपलीकडे फारसं हाती लागत नाही. त्याच दिवशी टेप घेऊन पानटपरीचं अंतर मोजा. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम ६ नुसार शाळेपासून १०० यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरांत, तंबाखू विकता येत नाही. टपरीवाला हमखास सांगतो, "फाटक तर लांब आहे!" पण नियमाप्रमाणे अंतर कुंपणापासून सरळ रेषेत धरतात. वर्गात सडलेल्या फुप्फुसांची चित्रं नकोत, भीती फार टिकत नाही. त्यापेक्षा "एकदा घेऊन तर बघ" म्हणणाऱ्या मित्राला टाळायचं कसं, ते मुलांकडून वठवून घ्या. मात्र टपरीची तक्रार मुख्याध्यापकांनीच लेखी करावी, मुलांना टपरीवाल्याच्या तोंडी देऊ नका.