स्प्रिंट संपतो, काम उरतं

"दर स्प्रिंटला माझं काम उरतंय. बाकीच्यांचं होतं. मीच कमी पडायलोय का?"

छत्रपती संभाजीनगरात, सिडकोतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकला आहे. स्प्रिंट म्हणजे ठरावीक काम संपवायची टीमची ठरलेली मुदत. पुण्या-बंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपन्यांचं काम इथे घरी बसून करणारी मुलं-मुली आता बरीच येतात. त्यांतल्या एकाची ही गोष्ट. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा औसा तालुक्यातला, सत्तावीस वर्षांचा. घरी कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर. घरातला पहिला इंजिनियर. त्याच्या टीमचा स्प्रिंट दोन आठवड्यांचा. सलग पाच स्प्रिंट त्याच्या दोन-तीन स्टोरीज, म्हणजे कामाचे वाटून घेतलेले तुकडे, पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलल्या गेल्या होत्या. "मॅडम, रविवारी पण बसायलोय, तरी होईना झालंय," म्हणाला आणि गप्प झाला.

आधी मी स्प्रिंटबद्दल काहीच विचारलं नाही. झोप, भूक, जीव नकोसा होतो का, हे विचारलं. कामाच्या तक्रारीआड नैराश्य असेल तर कामाच्या युक्त्या सांगत बसणं चूक आहे. त्याची झोप बिघडली होती, पण रविवारी रात्री आणि स्प्रिंट संपण्याच्या आदल्या रात्री. बाकी दिवस बरे जात होते. (ज्याला सगळेच दिवस तसे जातात त्याने थांबू नये. १४४१६ ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन मराठीतही बोलते.)

मग त्याला एक साधी वही आणायला सांगितली. एक स्प्रिंटभर, तासागणिक, वेळ कुठे गेला ते लिहायचं. स्वतःला चांगलं-वाईट म्हणायचं नाही, फक्त नोंद करायची.

वही घेऊन आला तेव्हा आम्ही बेरीज केली. दहा दिवस, रोज आठ तास, म्हणजे ८० तास. बैठकांत ११ गेले. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे लोक वापरत असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, अचानक आलेले बग सोडवण्यात १६. सहकाऱ्यांच्या अडचणी सोडवण्यात ९. उरले ४४. प्लॅनिंगला, म्हणजे स्प्रिंटच्या सुरुवातीच्या बैठकीत, त्याने अंगावर घेतलेलं काम त्याच्याच अंदाजाने ६५ तासांचं होतं. तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिला. इतके दिवस ज्याला तो स्वतःचा आळस समजत होता, ती साधी वजाबाकी होती.

त्यात मागच्या स्प्रिंटचं उरलेलं काम नव्या कामाच्या डोक्यावर येऊन बसत होतं आणि नवं काम मात्र तेवढंच घेतलं जात होतं. सावकाराच्या व्याजासारखं ते वाढत गेलं.

वहीतून आणखी एक गोष्ट दिसली. तिसऱ्या दिवसापर्यंत त्याने पाचही स्टोरीज उघडलेल्या असत. एकीचा रिव्ह्यू, म्हणजे सहकाऱ्याकडची तपासणी, अडला की दुसरी, तिथे उत्तर आलं नाही की तिसरी. स्टँडअपमध्ये, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीत, काहीतरी हललेलं दिसावं म्हणून. शेवटच्या दिवशी चार स्टोरीज "झाल्यात, फक्त टेस्टिंग बाकी" अशा अवस्थेत, आणि स्क्रममध्ये, म्हणजे स्प्रिंट धरून काम करायच्या या पद्धतीत, अर्धवट स्टोरीचे अर्धे पॉइंट (स्टोरी केवढी मोठी त्याचे गुण) मिळत नाहीत.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती पहिल्या दिवसाची नोंद. प्लॅनिंगच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, "दोन स्टोरीज नीट कळल्या नाहीत. विचारलं नाही." का नाही विचारलं? कॉल इंग्रजीत चालतो. आपलं वाक्य अडखळेल, आपला हेल ऐकून कोणी हसेल, ही भीती. म्हणून "ओके" म्हणून मोकळं व्हायचं आणि सातव्या दिवशी कळायचं की मागणी वेगळीच होती. काम उशिरा होण्याचं मूळ त्या एका "ओके"त होतं. ही भीती त्याने आजवर कोणाला सांगितली नव्हती. ती बोलून होईपर्यंत आमची दोन सत्रं गेली, आणि मला ती सत्रं सगळ्यात मोलाची वाटतात.

अंदाज चुकणं हा माणसाचा स्वभावच आहे. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर ३४ दिवसांचं आलं. सगळंच बिनसलं तर? ४९ दिवसांच्या आसपास. प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही तोकडाच पडला.

स्क्रमच्या कर्त्यांनाही हे उमगलं असावं. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी २०११ मध्ये स्क्रम गाइड ही त्या पद्धतीची नियमपुस्तिका सुधारली, तेव्हा स्प्रिंटमध्ये घेतलेल्या कामासाठीचा "कमिटमेंट" हा शब्द काढून "फोरकास्ट" घातला. वचन नव्हे, अंदाज. त्याला हे सांगितलं, पण ते पोचलं नाही. त्याच्या कंपनीत रोज "कमिटमेंट"च ऐकू येत होतं.

मग मी त्याला पैसेवारीबद्दल, म्हणजे पीक किती येईल याच्या सरकारी अंदाजाबद्दल, विचारलं. आपल्याकडे खरिपाची नजर पैसेवारी ३० सप्टेंबरला येते, सुधारित ३१ ऑक्टोबरला आणि अंतिम ३१ डिसेंबरला. "सप्टेंबरचा आकडा डिसेंबरात उतरला, तर तुझे वडील नालायक शेतकरी ठरतात का?"

"नाही ना मॅडम. मधी पाऊस कसा पडला त्याच्यावर असतंय ते."

"मग तुझ्या स्प्रिंटमध्ये मधली पैसेवारी कुठे आहे?"

यावर तो पहिल्यांदा मोकळं हसला.

पुढच्या स्प्रिंटला त्याने तीन गोष्टी केल्या. कामाचं माप ६५ ऐवजी ४० तासांवर आणलं. एका वेळी दोनच स्टोरीज उघडायच्या ठरवल्या. आणि चौथ्या दिवशी लीडला, म्हणजे टीमच्या प्रमुखाला, आपणहून लिहिलं, की प्रॉडक्शनच्या बगमध्ये एवढे तास गेले, यातली एक स्टोरी होणार नाही, कोणती सोडू? लीडने एका ओळीत उत्तर दिलं आणि ती स्टोरी काढून टाकली. इतके दिवस ज्या संभाषणाची त्याला धास्ती होती, ते दोन मिनिटांत उरकलं.

प्रश्न विचारायला मात्र वेळ लागला. आधी तो चॅटवर लिहून विचारायचा. तिसऱ्या प्लॅनिंगला कॉलवर, तुटक इंग्रजीत बोलला, "ही अट मला कळली नाही." दुसऱ्या टोकाला शांतता. मग टीममधल्या एका सीनियर बाई म्हणाल्या, त्यांनाही ती कळलेली नाही.

अजूनही कधी एखादी स्टोरी राहते. त्याचा मॅनेजर प्रत्येकाचे पॉइंट वेगवेगळे काढून तुलना करतो, ते मला चुकीचं वाटतं. पॉइंट टीमचा अंदाज बांधायला असतात, माणसं तोलायला नाहीत. ते बदलणं त्याच्या हातात नाही आणि त्याचा त्रास त्याला होतोच. पुढच्या शनिवारी त्यावरच बोलायचं ठरलं आहे. वही घेऊन येतो म्हणाला.