स्पेसवॉकच्या आधी अंतराळवीर सूट घालून इतका वेळ आतच का थांबतात?

तुमचा प्रश्न असा, की सूट अंगावर चढला तरी अंतराळवीर जवळजवळ दोन तास अंतराळ स्थानकातच का थांबतात, लगेच बाहेर का पडत नाहीत. लगेच पडले तर सांधे धरतील, आणि जिवावरही बेतू शकेल. याचं मूळ सूटमधल्या दाबात आहे.

स्थानकात जमिनीवरच्यासारखीच हवा असते, दाब सुमारे 101 किलोपास्कल. अमेरिकी सूटमध्ये मात्र फक्त 29.6, तोही निव्वळ ऑक्सिजनचा. श्वासाला तो पुरतो, कारण एरवी आपल्या हवेतही ऑक्सिजनचा वाटा 21 किलोपास्कलच भरतो. मग दाब जास्त का ठेवत नाहीत? बाहेर निर्वात, त्यामुळे सूट फुग्यासारखा ताठ होतो. 18 मार्च 1965 रोजी सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह यानाबाहेर पडणारे पहिले मानव ठरले, तेव्हा त्यांचा सूट इतका फुगला की परत आत शिरता येईना. शेवटी सूटमधली हवा सोडून त्यांनी दाब उतरवला.

पण दाब एकदम उतरला की रक्तात आणि स्नायूंत विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन सुटतो, सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर होतं तसं. खोल पाण्यातून घाईने वर येणाऱ्या पाणबुड्यांना होतो तोच हा आजार. म्हणून नायट्रोजन आधीच शरीराबाहेर काढायचा. स्थानकावरच्या एका पद्धतीत तासभर मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन घेतात आणि त्या तासाच्या शेवटी शेवटी एअरलॉकचा, म्हणजे बाहेर पडण्याआधीच्या बंद खोलीचा, दाब 70 किलोपास्कलपर्यंत आणतात. मग सूट. सूट चढला की 50 मिनिटं पाय हलवत राहायचं: 4 मिनिटं हालचाल, 1 मिनिट विश्रांती. रक्त जोरात फिरलं की नायट्रोजन लवकर निघतो. त्यानंतर आणखी 50 मिनिटं स्वस्थ. मध्येच मास्क सरकून स्थानकातली हवा छातीत गेली, तर बुडालेला वेळ भरून काढावा लागतो.

एवढं करूनही 29.6 किलोपास्कल हाताला जड जातातच. दाबाने फुगलेला हातमोजा सतत उघडायला बघतो. पाना धरायचा, दोरीचा हुक दाबायचा, स्थानकाच्या बाहेरच्या कठड्याला धरून पुढे सरकायचं, तर दर वेळी मूठ त्या दाबाविरुद्ध वळवावी लागते, आणि हे सहा-सात तास. बोटांची टोकं आत घासून काहींची नखं सुटतात. मला विचाराल तर स्पेसवॉक हे नाव फसवं आहे. पाय जवळपास बिनकामाचे, सगळा भार मनगटापासून पुढे.

त्यात कठड्यांवर सूक्ष्म उल्का आपटून धारदार कडा तयार होतात. ऑगस्ट 2007 मध्ये अमेरिकी अंतराळवीर रिक मस्त्राकियो यांच्या डाव्या अंगठ्यावर हातमोजा फाटलेला दिसला आणि त्यांना काम अर्धवट टाकून आत यावं लागलं. हवा गळत नव्हती, तरीही. कारण सूटला मोठी गळती लागली तर राखीव ऑक्सिजन साधारण अर्धा तासच पुरतो, आणि तेवढ्यात त्याच थकलेल्या हातांनी कठडे धरत एअरलॉक गाठायचा असतो. म्हणून काम चालू असताना अधूनमधून हात उलटसुलट करून हातमोजे तपासतात.