पहिलं शाईचं पेन घेताना

पहिल्या शाईच्या पेनासाठी ५०० रुपये पुरेसे आहेत. त्यातच शाईची बाटलीही बसव. चकचकीत धातूच्या बॉडीवर पैसे घालू नकोस, लिहिते ती निब. पुण्यात असशील तर अप्पा बळवंत चौकात जा आणि निब शाईत बुडवून लिहून बघायला माग. आधी ती डोळ्यासमोर धर: मधली चीर सरळ हवी, टोकाचे दोन्ही भाग एका पातळीत हवेत. मग कागदावर आडवे आठ काढ, लांब शिरोरेघ ओढ, ‘ळ’ आणि ‘क्ष’ लिही. कुठे खरवडलं किंवा शाई तुटली, तर दुसरं पेन माग. संकोच करू नकोस.

मला स्वतःला ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायची साधी देशी पेनं फार आवडतात. शाई भरपूर मावते, कन्व्हर्टरचा, म्हणजे शाई ओढून घेणाऱ्या छोट्या सुट्या पंपाचा खर्च नाही. नळी जिथे फिरवून बसते त्या आट्यांना किंचित सिलिकॉन ग्रीस लाव, म्हणजे शाई झिरपत नाही. शाई पाव नळीवर आली की लगेच भर, नाहीतर हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि वहीवर थेंब पडतो.

चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई मात्र कधीच भरू नकोस. ती आतच वाळून बसते.