आधी दर सांग, मग होकार दे

हे पत्र देवगड तालुक्यातून आलं आहे. लिहिणारी अडतीस वर्षांची. दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते, शनिवारी घराच्या पडवीत लेखनाचा वर्ग घेते आणि उरलेल्या वेळात मुलाखती, रिपोर्ताज, स्थानिक इतिहासावरचे लेख लिहिते. घरची हापूसची कलमं आहेत.

ती लिहिते: "ताई, गेल्या वर्षी एका संस्थेची शतकमहोत्सवी स्मरणिका मी जवळजवळ एकटीने केली. म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या, जुनी इतिवृत्तं वाचली, मुद्रितं तपासली. समारंभात शाल-श्रीफळ मिळालं. मानधनाचं कुणी बोललं नाही, मलाही विचारवेना. रापणीवरचं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून होणाऱ्या मासेमारीवरचं, पुस्तक अर्धवट पडलंय. घरात सगळ्यांचं एकच, तू घरीच तर असतेस. दीर म्हणतात, शिकवणं आणि लिहिणं म्हणजे दोन डगरींवर हात. जूनपासून पतसंस्थेत नोकरी मिळावी म्हणून त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकलाय. काय करू?" सही केली आहे 'तळ्यात-मळ्यात'.

अगं बाय,

पतसंस्थेची नोकरी आत्ता घेऊ नकोस. त्या नोकरीत कमीपणा मुळीच नाही, आणि उद्या घराला खरंच गरज पडली तर खुशाल घे. पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि तुझ्या कामातून पैसे मिळत नाहीत असं मला त्यात कुठेच दिसलं नाही. तू पैसे मागतच नाहीस, असं दिसलं. जे कधी मागितलंच नाही त्याच्यावरून धंदा बुडीत ठरवायचा, हा न्याय नव्हे.

तूच लिहिलंयस की आंब्याच्या पेट्या वाशीच्या घाऊक बाजारात पाठवून दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येईल तो दर मुकाट घ्यायचं तुझ्या यजमानांनी सोडलं. आता पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला ते डझनाचा भाव आधी सांगतात आणि आगाऊ रक्कमही घेतात. लेख मात्र तू अजून वाशीलाच पाठवतेस. वर पट्टी आली नाही तरी गप्प बसतेस.

रापणीवरच्या एका लेखाला काय लागतं ते संपादकाला ठाऊक नसतं, कारण त्याला तू सांगत नाहीस. पहाटेच्या अंधारात किनारा गाठायचा. जाळ्याचे दोन्ही दोर ओढून होईपर्यंत उभं राहायचं. मासळीचे वाटे पडल्याशिवाय कुणी बोलायला मोकळं नसतं, तोवर उन्हात बसायचं. मग बोलणं टेप करायचं, घरी येऊन ते ऐकत ऐकत उतरवून काढायचं. लाटांच्या आवाजात एखादं नाव नीट ऐकू आलं नसेल तर पुन्हा फोन. एसटीचं भाडं, झेरॉक्स, फोनचं रिचार्ज वेगळंच. कथा घरात बसून लिहिता येते, असा लेख येत नाही. त्यामुळे तुझ्या मानधनात दोन गोष्टी हव्यात, लिहिण्याचे पैसे आणि फिरण्याचा खर्च. दोन्ही सुटे सुटे सांगायचे.

तोंडाने विचारवत नसेल तर लिहून विचार. दिवाळी अंकाचा फोन आला की त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर एवढं पाठव: "लेख द्यायला नक्की आवडेल. साधारण दोन हजार शब्दांचा होईल, गणपतीच्या आठ दिवस आधी देते. मानधन किती आणि अंक निघाल्यावर किती दिवसांत, ते कळवावं. प्रवासखर्च वेगळा धरते. लेख या अंकात एकदा छापण्यासाठी आहे, बाकीचे हक्क माझ्याकडे राहतील." यात उद्धट काही नाही. चांगला संपादक त्याच दिवशी उत्तर देतो. जो उत्तरच देत नाही, त्याचा लेख लिहायला बसायचं नाही.

हक्कांचं वाक्य गाळू नकोस. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुझ्यासारख्या स्वतंत्र लेखिकेच्या मजकुराची पहिली मालकी तिचीच असते. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. नुसत्या बोलण्याने जात नाहीत. दिलेल्या कागदावर मुदत घातली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. म्हणजे तू कशावर सही केलेली नसशील, तर स्मरणिकेतले तू लिहिलेले लेख आजही तुझे आहेत आणि पुस्तकात घेता येतील. ज्यांच्या मुलाखती घेतल्यास त्यांना, किंवा आता ते नसतील तर त्यांच्या घरच्यांना, आधी विचार. ते कायद्यापेक्षा गावात राहायचं म्हणून जास्त महत्त्वाचं आहे.

स्मरणिकेच्या पैशांसाठी संस्थेच्या सचिवांना एक सरळ पत्र लिही, कामाचा तपशील आणि रक्कम घालून. मिळतील असं मी सांगत नाही. पण पुढच्या वेळी तिथला कुणी तुझ्याकडे काम घेऊन आला, तर तुझा दर त्याला माहीत असेल.

आता दोन डगरींचं. तुझ्या दिरांना म्हणावं, पोंभुर्ले आपल्याच तालुक्यात आहे. तिथे जन्मलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केलं आणि १८३४पासून ते मुंबईच्या एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेत शिकवत होते. 'दर्पण' १८४०पर्यंत चाललं. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र ज्याने चालवलं तो माणूस शिक्षक होता. शिकवण्याने लिखाण मरत नाही. शिकवण्याला वेळेची मर्यादा घातली नाही तर मात्र मरतं, आणि तुझं तेच चाललंय. वर्ग शनिवारचा, पण मुलांच्या वह्या तू आठवडाभर तपासतेस. वह्या शनिवारीच, वर्ग संपल्यावर तासभर बसून तपास, उरतील त्या पुढच्या शनिवारी. आणि वर्गाची फी महिन्याच्या सुरुवातीला घे. एखाद्याला खरंच परवडत नसेल तर त्याला माफ कर, पण ते तू ठरव, आपोआप होऊ देऊ नकोस.

कॉलेजच्या तासांचे पैसे महिनोन् महिने अडकतात, सुट्टीत तर काहीच नसतं, हे तुला मी काय सांगू. ते पैसे घरखर्चात धरूच नकोस. येतील तेव्हा पुस्तकाच्या खात्यात टाक. नेमणुकीचं पत्र, महिन्याच्या बिलाची प्रत आणि अनुभवाचा दाखला दर वर्षी मागून एका फायलीत ठेव, मागाहून कुणी शोधून देत नाही. कुठे मानधनातून कर कापला असेल तर तो तुझ्या पॅनवर जमा दिसायला हवा, आणि तुझं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून परत मिळतो. पुष्कळ लेखक हे पैसे तसेच सोडून देतात.

पुस्तकासाठी जून-जुलै राखून ठेव. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, माणसं घरी जाळी दुरुस्त करत बसलेली असतात आणि बोलतात. कॉलेजचे नेमणुकीचे कागदही तेव्हा बहुधा यायचेच असतात. आंबा संपलेला, गणपतीला चाकरमानी यायला अवकाश. कोकणात तुला याहून मोकळे दोन महिने मिळायचे नाहीत, आणि त्याच दोन महिन्यांत तू पतसंस्थेत रुजू व्हायला निघालीस!

घरात पहिल्यांदा सासूबाईंशी बोल, दिरांशी नंतर. सकाळी सात ते दहा पडवीतल्या टेबलाशी मी कामावर असते, तेव्हा दारात कुणी आलं तरी हाक मारायची नाही, हे त्यांना पटलं तर बाकीचे आपोआप मानतील. एप्रिल-मेमध्ये पेट्या भरायला तू लागणारच, तिथे हात आखडू नकोस. त्या दोन महिन्यांत कुणालाही लेखाची मुदत देऊ नकोस म्हणजे झालं. आणि येत्या मेपर्यंत कुठून किती आले, किती थकले, ते एका वहीत लिही. ती वही समोर ठेवून नोकरीचा विचार पुन्हा कर.

राहता राहिला ताजा कलमाचा प्रश्न: गावच्या वाचनालयाने व्याख्यानाला बोलावलंय, त्यांच्याकडे पैसे नाहीत, जाऊ का? जरूर जा, फुकट बोल. तिथल्याच कपाटातली पुस्तकं वाचून तू लिहायला लागलीस असं तूच लिहिलंयस. फक्त रात्री परतायची गाडी त्यांनी ठरवायची, एवढं आधी सांगून ठेव.